मागच्या वेळचं ते

"पिवळं होतं ते," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला, आणि या वेळी त्याने चमचाही ताटावर आपटला. "चांगलं घट्ट, बटाट्याचं कालवण. मी ताईच्या शेजारीच बसलो होतो."

सासूबाईंनी ठाम मान हलवली. लाल होतं, टोमॅटोचं, पातळ. आपले दात गेलेत, डोकं अजून जागेवर आहे, असं त्यांनी मुलाला सुनावलं. लेकीने मोबाइलमधून नजर न काढता दोघांनाही मोडीत काढलं. मटारचं होतं. हिरवं. आत्याने दोनदा घेतलं होतं. मग नवरा म्हणाला की दोनदा घेतलं ते बटाट्याचं, आणि सासूबाई म्हणाल्या की ताई माझ्या पोटची, ती काय खाते ते तुम्ही मला शिकवू नका. शेवटी तिघांनी एकदम वहिनीकडे पाहिलं, कारण काहीही असलं तरी ते केलं तिनेच होतं.

वहिनी ओट्याला टेकून उभी होती. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

वहिनी म्हणजे तिघांतली कुणाची वहिनी नव्हे. पण आख्खी इमारत तिला वहिनी म्हणायची, आणि आता कधी कधी नवराही चुकून म्हणून जायचा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात. दुकानात मात्र तिला सगळे 'रजिस्टर' म्हणत. दारातून गिऱ्हाईक आत येतंय तोवर हिच्या डोक्यात त्याचा नंबर आलेला असे: उजवा एवढा, डावा तेवढा, काडी डाव्या कानावर सैल बसते. आठ वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या माणसाची फ्रेम कुठल्या रंगाची होती हे ती सांगायची, आणि मालक नव्या लोकांना ही गंमत दाखवायला तिला मुद्दाम बोलावून घ्यायचा.

अशा बाईला, अकरा महिन्यांपूर्वी आपण स्वतःच्या हाताने नणंदेला काय वाढलं, ते आठवेना.

झालं होतं असं. ताई, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, गेल्या वेळी दोन दिवस राहून गेल्या आणि पुढच्याच महिन्यात मोठ्या आजारात सापडल्या. आता आजार गेला होता, पण औषधांनी तोंडाची चव जी गेली ती परत आलीच नव्हती. मंगळवारी भाच्याचा फोन आला. आई काहीच खात नाही, अर्धी झालीय, डॉक्टर म्हणतात पोटात काही गेलं नाही तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल. पण काल आपणहून म्हणाली, मामीने मागच्या वेळी दिलं होतं ना, ते मिळालं तर खाईन. रविवारी घेऊन येतो. आणि त्याने फोन ताईंच्या हातात दिला.

"करशील ना गं? ते मागच्या वेळचं?" ताईंचा आवाज इतका बारीक झाला होता की वहिनीला रडूच फुटायला आलं.

"हो हो, ताई. करते की," वहिनी म्हणाली. म्हणजे तिचं तोंड म्हणालं. संसाराच्या चोवीस वर्षांत त्या तोंडाला हीच सवय लागली होती. कोण येतंय, किती जण, काय हवंय, हे पुरतं कानात शिरायच्या आधीच 'हो, करते की' बाहेर पडलेलं असायचं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणालो तेच आपल्याला माहीत नाही. पुन्हा फोन करून विचारायचं कोणत्या तोंडाने? जिने सगळं जग नाकारून एक गोष्ट मागितली, तिला म्हणायचं का, की ताई, ते काय होतं ते मीच विसरले?

म्हणून तिने घरात विचारलं, आणि घराने तिला तीन उत्तरं दिली.

खरं सांगायचं तर गेलं वर्षभर वहिनीला स्वयंपाकघराचा वीट आला होता. करण्याचा नव्हे, हात आपले चालत राहायचे. पण संध्याकाळी दुकानातून येऊन दिवा लावला, ओट्यावरची ती तीन छोटी पातेली दिसली की दिवा पुन्हा मालवावासा वाटायचा. एक पातेलं तोंडाशी चेपलेलं, एक लाल मुठीचं, एकाची मूठच गेलेली. चेपलेल्यात नवऱ्याचं: घट्ट, बटाटा हवाच, लसूण नको, त्याला ढेकर येतात. लाल मुठीच्यात सासूबाईंचं: पातळ, आंबट, तिखटाचा वाससुद्धा नको. बिनमुठीच्यात लेकीचं: हिरवं काहीतरी, कांदा दिसता कामा नये. पाहुणे आले की हेच, फक्त भांडी मोठी. आणि पाहुणे यायचेच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर दहा इमारतींतून वर-खाली व्हायचा आणि निम्म्या माणसांना मजल्या-मजल्यावर जेवायचं आमंत्रण देऊन यायचा.

त्यामुळे काय केलं, कधी केलं, कुणाला वाढलं, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. ती डोळे मिटून त्या दुपारी मागे जायला बघायची आणि तिला फक्त स्वतःची पाठ दिसायची. नळ सुरू, पाठ वाकलेली. भांड्यात काय आहे ते त्या पाठीमुळे दिसत नव्हतं.

बुधवारी तिने पिवळं केलं. नवऱ्याने एक घास घेतला, डोळे मिटले आणि हेच, असा निकाल दिला. गुरुवारी लाल. सासूबाई म्हणाल्या, अगदी हेच, फक्त तेव्हा जरा जास्त आंबट होतं. शुक्रवारी हिरवं, आणि लेक म्हणाली, बघा, मी म्हणत होते. म्हणजे वहिनी जिथे होती तिथेच. उलट आता तीन दिवस चाखून चाखून तिच्या जिभेला काही कळेनासं झालं होतं. मीठ घातलं का, हे तिला लेकीला विचारावं लागलं. फ्रिज वाट्यांनी गच्च भरला. मधेच सासूबाईंना पिवळंही आठवू लागलं, नवरा लालही असेल म्हणाला, आणि लेकीने तर, आत्या मागच्या वेळी आलीच होती ना नक्की, असं विचारून सगळ्यांना हादरवलं.

शनिवारी दुकानात एका आजोबांनी नवा चष्मा परत आणला. काही दिसत नाही म्हणाले, जुनाच नंबर द्या. वहिनीने नेहमीप्रमाणे जुना नंबर तोंडपाठ सांगितला, आणि मालक कौतुकाने हसला. वहिनीला हसू आलं नाही. हा परका माणूस मला पाठ आहे, तिच्या मनात आलं, आणि घरात काय चालतं ते मला आठवत नाही. मग मी चोवीस वर्षं घरी होते कुठे? चष्मा पुसता पुसता ती इतकी गोंधळून गेली की आजोबांना दुसऱ्याच कुणाची पिशवी देऊन बसली.

रविवारी बारा वाजता भाचा ताईंना घेऊन आला आणि चहा पिऊन कामाला निघून गेला. ताईंना पाहून सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. सांगाड्यावर साडी टांगावी तशा ताई दिसत होत्या. पण हसल्या, आणि म्हणाल्या, "रडारड नको गं आई. जेवायला आलेय मी."

वहिनीने काही ठरवता न आल्यामुळे तिन्ही केलं होतं. तीन वाट्या ओळीने मांडल्या. वाढायला ती नेहमीसारखी उभीच होती. नवऱ्याने आपली पिवळी वाटी हळूच जरा पुढे सरकवली. ताईंनी पिवळ्यातला एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला. लाल घेतलं. हिरवं घेतलं.

"छान झालंय सगळं," ताई म्हणाल्या आणि चमचा खाली ठेवला. "पण हे नव्हे."

मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. प्रवासाने थकलेय, जरा पडते, असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. बाकीचे खाली मान घालून जेवले. सासूबाईंनी लाल वाटीला हातही लावला नाही. पोटच्या लेकीला, ताईंना, काय आवडलं ते आपल्याला माहीत नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. एकेक जण उठून गेलं. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला.

वहिनी स्वयंपाकघरात एकटी उरली. डोकं बधिर झालं होतं. आता पुन्हा दवाखाना, तिच्या मनात येत होतं, आणि केवळ मी विसरले म्हणून. हात मात्र थांबले नाहीत. भाताच्या पातेल्यात तळाला लागलेला, खरपूस झालेला भात होता. तो तिने उलथन्याने सोडवला. चेपलेल्या पातेल्यात पिवळं दोन चमचे उरलं होतं, ते त्यात ओतलं. लाल मुठीच्यातलं खरवडून घातलं. बिनमुठीच्यातले मटार निपटून घातले. लसणाची एक पाकळी ठेचली, टाकली, पातेलं मोठ्या आचेवर ठेवलं. चर्र झालं. ती उभ्याउभ्याच एक घास घेणार तोच दारातून आवाज आला.

"हेच गं."

ताई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांचं नाक वर झालं होतं, लहान मुलाचं होतं तसं. त्या ओट्याशी आल्या, मांडणीतला चमचा घेतला आणि सरळ पातेल्यात घातला. एक घास. दुसरा. वहिनी बघतच राहिली.

"ताई, अहो, हे स्वयंपाकातलं नाही," ती घाबरून म्हणाली. "हे उरलेलं आहे. हे माझं आहे."

"मग मागच्या वेळीही तुझंच होतं. मी पाणी प्यायला आले होते, तू इथेच उभी राहून खात होतीस. मी म्हटलं, मला दे. तू लाजलीस आणि अर्धं दिलंस."

आता वहिनीला आठवलं. पाठ वाकलेली नव्हती त्या चित्रात. ताई शेजारी होत्या, दोघींचे चमचे पातेल्यात एकमेकांवर आपटत होते, आणि कशावरून तरी हसू आलं होतं. कशावरून ते नाही आठवलं. रोज रात्री, सुटीच्या दिवशी दुपारीही, सगळे उठले की ती हेच खायची, आणि ते काय आहे असं तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. ते तिने जेवणातच धरलं नव्हतं, मग आठवणार कुठून? तिला एकदम आनंद झाला, आणि लगेच काहीतरी टोचलं, आणि दोन्हींपैकी नेमकं काय वाटतंय ते तिला कळेना.

ताईंनी चौदा चमचे खाल्ले. वहिनीने मनातल्या मनात मोजले.

लसणाच्या वासाने घर पुन्हा गोळा झालं. सासूबाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि ताईंच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याचा पहिला प्रश्न, म्हणजे पिवळंच होतं ना? होतं, ताई म्हणाल्या, लालही होतं आणि हिरवंही. तेव्हा तिघेही आपणच बरोबर होतो म्हणून खूश झाले. लेकीने एक चमचा चाखला, मग आणखी एक.

"आई, हे तू आम्हाला कधी का नाही दिलंस?" ती म्हणाली. "याला म्हणतात काय?"

याला काही म्हणतच नसत.

नवरा मात्र कामाचा माणूस. बिघाड सापडला की त्याला हुरूप यायचा. त्याने तिथल्या तिथे सगळं बसवून दिलं. ताई आठवडाभर राहील, म्हणजे सोपं आहे: आमची तिन्ही नेहमीसारखी करायची, मग त्यातलं थोडं थोडं काढून ताईचं हे चौथं. रोज. सासूबाई म्हणाल्या, हो, आणि चौथ्यात तिखट जरा बेताने. लेक म्हणाली, मला पण चौथं, पण कांदा काढून. मग तिघांचं चौथ्यात काय घालायचं नि काय नाही यावर पुन्हा सुरू झालं.

वहिनी ऐकत होती. चौथं भांडं कुठलं घ्यायचं, असा विचारही तिच्या मनात येऊन गेला. 'हो, करते की' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते बाहेर का पडलं नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिने गॅस बंद केला. तिन्ही छोटी पातेली एकात एक घातली आणि फडताळात सगळ्यात वर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही तिथे ठेवून दिली. हात पुसले. दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा कधी मिळेल ते सांगायची त्याच आवाजात ती बोलली.

"उद्यापासून एकच भांडं चढेल. माझ्या चवीचं. माझी चव कुठली ते मला अजून आठवत नाहीये. आठवेपर्यंत जे होईल ते सगळ्यांनी खायचं, आणि मी तुमच्याबरोबरच बसणार आहे."