पायगाडीला फासलेलं काळं

मला लोकांचं हसणं सहन होत नाही. आजही होत नाही, आणि त्या वेळी तर मी बावीस वर्षांचा होतो, ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. वडील गेलेले. घरात आई आणि अकरा वर्षांची बहीण, आणि दोघींवर माझं राज्य. राज्यच म्हणतो. मी जेवून उठेपर्यंत दोघींपैकी कुणी बसत नसे.

एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात मी पायगाडी घेतली. हल्ली लोक सायकल म्हणतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, तशी हिच्या चाकांना रबराची होती, आणि ते रबर लालभडक. मला ते मोठं झोकदार वाटलं. पहिल्याच रविवारी बाळकुमच्या रस्त्याने निघालो, तर मिठागरावरच्या बायका टोपल्या खाली ठेवून खिदळायला लागल्या. एक ओरडली, “अगो, चाकांना आलता लावलाय बग! नवरी कुठं निंगाली?” झालं! चार दिवसांत ते कचेरीत पोचलं. मी आत शिरलो की कुणीतरी म्हणायचं, “या नवरीबाई, माप ओलांडून या.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पायगाडी विकून टाकावी, तर हसणाऱ्यांचं फावलं असतं. म्हणून ठरवलं, रबर काळं करायचं.

आता रबर कसं रंगवतात हे आमच्यात कुणाला ठाऊक? आमच्या घरात काळं म्हणजे शाई. पिढ्यान् पिढ्या लेखणी घासलेली माणसं आम्ही. लोखंडी कढईत हिरडा आणि हिराकस उकळायचा, त्यात दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक घालायचा. आजोबांच्या हातचे कागद अजून काळेभोर आहेत, मग रबर कुठे जातंय, असा माझा हिशेब. मंगळवारी कचेरीतून आलो, कढई मागच्या अंगणात मांडली आणि बहिणीला हाक मारली.

“दादा, परवा कल्याणची माणसं यायचीत ना मला बघायला?” ती म्हणाली. “हिराकसाने हात काळे होतात.”

ते मला माहीत होतं. नाहीतर तिला हाक कशाला मारली असती? कल्याणचं स्थळ चांगलं होतं. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेत जाणारा, घर खाऊनपिऊन सुखी, आणि मन झालं की आगगाडीत बसून माहेरी येता येईल इतकं जवळ. दुसरं स्थळ अलिबागेकडच्या एका बिजवराचं होतं. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, मागे तीन मुलं. कल्याणचं फिसकटलं तर त्याला होकार द्यायचा, हे ठरलेलं होतं. आई रोज देवापुढे मोठ्याने सांगायची, कल्याणचं जमू दे. बहीणही सांगायची, ओठांतल्या ओठांत.

“धुतलं की जातं,” मी म्हणालो. “माझे हात उद्या साहेबाला दिसतील. तुझे हात कोण बघायला बसलंय? तोंड बघतील. घे तो बोळा.”

ती बसली. रबर रंग धरेना, सगळं ओघळून खाली यायचं. तिचे हात मात्र पहिल्या बोळ्यालाच काळे झाले. मी पायरीवर बसून “इकडे लाल दिसतंय, तिकडे लाल दिसतंय” करत होतो. डिंक वाढवला, काजळी वाढवली, बुधवारी तिला पुन्हा बसवलं. रात्री आईने ते हात चिंचेने घासले, राखेने घासले, शेवटी चुना लावला. चुन्याने साल गेली, काळं तसंच राहिलं. गुरुवारी सकाळी चाकांवर शेवटचा हात मी स्वतः फिरवला. काठीला चिंधी बांधली की हाताला काही लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

कल्याणहून मुलाचे वडील आणि त्यांची विधवा बहीण अशी दोघं आली. पानाचं तबक पुढे सरकवतो न सरकवतो तोच वडील म्हणाले, “तुम्ही म्हणे चामड्याच्या चाकांवर बसून हिंडता? विटाळ नाही होत?”

रबर म्हणजे झाडाचा चीक, हे मला ठाऊक होतं. पण ते पटवत बसण्यात स्थळ हातचं गेलं असतं. “छे हो!” मी म्हणालो. “लोक काय, वाटेल ते उठवतात.” पायगाडी तेव्हा मागच्या अंगणात उभी होती. इथवर मी बहिणीसाठी खोटं बोललो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मग आत्याबाईंनी तिला जवळ बसवलं. “हात पुढे कर गं.” तिने मुठी पुढे केल्या. आत्याबाईंनी त्या उघडल्या. तळव्यावर सोललेले गुलाबी चट्टे, आजूबाजूला काळं, नखं काळी.

“अगंबाई! हे काय?”

आई माजघराच्या दारात होती, पुरुषांपुढे बोलणारी नव्हे. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. शाई आहे म्हटलं, तर कशाची शाई, एवढी कशाला, असं विचारलं असतं, आणि घटकेपूर्वीचं माझं खोटं त्यांच्या समोर उघडं पडलं असतं. मी म्हणालो, “उष्णतेचं आहे. वैद्याचं औषध चालू आहे.”

आत्याबाईंनी तिचा हात टाकला आणि स्वतःचा पदराला पुसला. वडील उठले. गुळाचा खडासुद्धा कुणी तोंडात घातला नाही.

पाहुणे गेल्यावर आईने मुलीच्याच पाठीत धपाटा घातला. कमावत्याला कोण मारणार? मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिला पुढं करून मी माझी अब्रू वाचवली होती, आणि ते मला त्याच क्षणी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.

ती मागून आली. रडत नव्हती.

“दादा, त्यांची गाडी सुटायला वेळ आहे. हिच्यावर बसून गेलास तर स्टेशनात गाठशील. बाकी काही बोलू नकोस. मला रोग नाही, एवढंच सांग.”

मी चाकांकडे पाहिलं. काळीकुळकुळीत झाली होती.

“रंग ओला आहे,” मी म्हणालो. “धूळ बसेल.”

ती तिथेच उभी राहिली, आणि लांबून गाडीची शिट्टी ऐकू आल्यावर आत गेली. मार्गशीर्षात तिला अलिबागेला दिली. निघताना तिने देवाला नमस्कार केला, आईला केला, मग मलाही वाकून केला, आणि मी तो घेतला.