वावटळीच्या आत

पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत छबूबाई अकरा वर्षांपासून खिचडी शिजवते. शाळेत चौथीपर्यंतची सव्वीस पोरं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, खेळांना पोरं जायची ती मान खाली घालूनच. मोठ्या गावच्या शाळांकडे ढोल, टोप्या, झेंडे. यांच्याकडे काहीच नाही.

एका उन्हाळ्यात मैदानात वावटळ उठली आणि पोरं ओरडत तिच्यामागे धावली. ते बघून छबूबाईला सुचलं. तिने बांबूच्या कामट्यांची लहानमोठी कडी केली, जुन्या लुगड्यांच्या मातकट पट्ट्या त्यांवर शिवल्या. पुढच्या खेळांना ते वावटळीचं सोंग अंगावर चढवून पन्नाशीची छबूबाई मैदानाच्या कडेने गरागरा फिरली. पोरांना आवाज फुटला. त्या वर्षी खो-खोत ती पहिली आली नाहीत, पण घरी येईपर्यंत टेम्पोत नुसता दंगा.

अश्विनी मॅडम तेव्हा नवीन आल्या होत्या. गावात एकट्याच राहायच्या. छबूबाईचा त्यांच्यावर जीव बसला. एका दुपारी भांडी घासता घासता तिने त्यांना घरातही कधी न काढलेली गोष्ट सांगितली. लहानपणी ती आणि तिचा भाऊ बिभीषण वावटळीच्या मधोमध शिरून डोळे मिटून उभे राहायचे. नवव्या वर्षी तो तापाने गेला. सोंगात शिरलं की तो शेजारी असल्यासारखं वाटतं, एवढंच ती बोलली.

पुढे मॅडमनी शाळेची वावटळ जिल्ह्याच्या उपक्रम स्पर्धेत पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात छबूबाई मावशींनीच फिरायचं, असं त्यांनी आग्रहाने सांगितलं.

छबूबाई सोंग घालून स्टेजच्या कोपऱ्यात उभी राहिली. मॅडम माईकवर बोलू लागल्या.

"लहानपणी मी आणि माझा भाऊ वावटळीत डोळे मिटून उभे राहायचो. तो आज नाही. ही वावटळ मी त्याच्यासाठी केली."

सभागृहात कुणी डोळे पुसले. मॅडमना भाऊ नव्हताच, दोन बहिणी होत्या.  ढोल वाजला, पोरं ओरडू लागली, पण सोंगातली छबूबाई हलली नाही. मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, फिरा ना." तिने सोंग डोक्यावरून काढलं, तिथेच ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली.

परतताना जीपमध्ये मॅडम समजावत राहिल्या. फॉर्मवर शिक्षकाचंच नाव लागतं, अशी गोष्ट लोकांच्या मनाला भिडते, शाळेचंच भलं झालं.

"नावाचं न्हाई वो मॅडम," छबूबाई म्हणाली. "नाव तुमी लावा. माझा भाऊ का नेला?"



खिचडी अजून छबूबाईच शिजवते. मॅडमशी तांदूळ-डाळीपुरतं बोलते. यंदा चौथीतल्या सायलीने शाळेत परत आलेलं सोंग मागितलं, तेव्हा छबूबाईने पट्ट्या तिच्या उंचीला आखूड करून दिल्या. खेळांच्या दिवशी मात्र कंबर दुखते म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी पोरं आली, तेव्हा काय झालं तेही तिने विचारलं नाही.