गुप्तेसरांची एकशेचाळीस पानं

प्रा. अजेय गुप्ते कर्जतच्या कॉलेजात शिकवायला लागले की तिकडे दूर कशेळे गावात म्हशी कान टवकारत, असं विद्यार्थी शपथेवर सांगत. फिझा पहिल्या दिवशी वर्गात आली तेव्हा सर फळ्यावर सहकार चळवळ लिहीत होते आणि खडूची धूळ एवढी उडत होती की मागच्या बाकांना सरच दिसत नव्हते.

"सर, फळ्यावर काय लिहिलंय?"

"दिसत नाही?"

"नाही."

"मग पुढे येऊन बस."

"पहिल्याच बाकावर आहे, सर."

"मग चष्मा लाव."

एवढ्यात त्यांना बाकाला टेकवलेली पांढरी काठी दिसली. सर असे ओशाळले की उरलेला तास चक्क हळू बोलले. सरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच कशेळ्यात शांतता पसरली.

शिळफाट्याच्या फिझाला आजवर थोरली बहीण फराह वाचून दाखवायची. आता फराहचं लग्न ठरलं होतं, आणि फिझाला स्वतःच अभ्यास करून पास व्हायचं होतं. तिचा फोन मजकूर बोलून दाखवायचा. नोट्स फक्त टाइप केलेल्या हव्या होत्या.

सरांनी दिवाळीची अख्खी सुट्टी एका बोटाने टाइप केलं. फराळ डाव्या हाताने खाल्ला. एकशेचाळीस पानं झाली.

फिझाने ती त्यांच्यासमोरच फोनवर लावली. फोन म्हणाला, "जे, डॉलर, कंस, के, टक्के..."

"हे काय बडबडतंय?"

"तुमचं पहिलं पान, सर."

सरांचा फॉन्ट वीस वर्षांपूर्वीचा होता. डोळ्यांना मराठी दिसायचा, फोनला मात्र त्यात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सापडायची.

"परीक्षेला चार आठवडे आहेत, सर. आता तुम्ही फोनशी बोला. तो ऐकून लिहील, ते माझ्या फोनला वाचता येतं."

बोलण्यात सर कुणाला हार जाणार? आठवड्याभरात सगळं सांगून झालं. मग फोनने ते वाचून दाखवायला घेतलं. पहिल्या वाक्याचं क्रियापद येईपर्यंत सरांचा चहा निवला.

"असं शिकवतो मी?"

फिझाने फोन थांबवला.

"सांग ना गं."

"आवाज चांगला आहे, सर, तुमचा."

पुढच्या आठवड्यात सरांनी एकशेचाळीसची अडतीस पानं केली. डोळस पोरंही तीच मागू लागली, तेव्हा सर आधी रागावले आणि मग त्यांनी ती सगळ्यांना पाठवली.

फिझाला बासष्ट मार्क मिळाले. जूनमध्ये अभ्यासक्रम बदलला आणि त्यात सहकार हा विषय नव्हता.