दुकानात निवडलेली ज्वारी

त्या काकूंचं नाव मला ठाऊक नाही. गुलमंडीतल्या विजेच्या दुकानात मी जिन्यातल्या दिव्यासाठी, हालचाल दिसली की दिवा लावणारा सेन्सर घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी त्या उभ्या होत्या, हर्सूलहून आलेल्या. त्यांना स्वयंपाकघरासाठी हवा होता.

दुकानदारानं दोन्ही हात हवेत फिरवले. लगेच दिवा लागला. "देखो काकू, एकदम फर्स्ट क्लास!"

"मी घरात असे हात हलवत फिरते व्हय?" म्हणत काकूंनी चपला काढल्या आणि तिथंच फरशीवर मांडी घातली. नसलेलं सूप पुढ्यात घेऊन त्या नसलेली ज्वारी निवडू लागल्या. हलत होती ती फक्त बोटं. थोड्या वेळानं दिवा विझला.

"आमच्या मामंजींवर गेलाय ह्यो," त्या म्हणाल्या. "बसून केलेलं काम याला दिसतच नाय."

दुकानदार हसत हसत आतून दुसरा, भारीतला सेन्सर घेऊन आला आणि त्यानं तो दिव्याला जोडला. दिवा लागला. काकूंचं निवडणं चालूच होतं. मधेच एक खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला. दिवा लागलेलाच राहिला.

"ह्यो द्या," म्हणत त्या उठल्या आणि त्यांनी जोरात पदर झटकला.

कोंडा अंगावर येईल म्हणून मी मागं सरकलो. दुकानदारही सरकला.