काळ्या चष्म्याआडचं

गल्लीत त्याला सगळे भागूबाई म्हणत. जिन्यातला दिवा गेला की खाली उभा राहून बायकोला हाका मारणारा पुरुष, त्याला दुसरं काय म्हणणार? पण कॅमेरा उघडून बसला की तेच हात दगडासारखे स्थिर. फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात तो फिल्टर बसवून देई, कधी इन्फ्रारेडचे, कधी अल्ट्राव्हायोलेटचे. ही काच आपल्या डोळ्यांना जवळजवळ काळीच दिसते. लेन्सच्या तोंडावर लावली, तर फोटो काढणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून तो ती आत, आरशाच्या मागे आणि शटरच्या पडद्याच्या पुढे बसवायचा. जागा नखाएवढी. काच जरा पुढे आली की आरसा तिच्यावर आपटणार, मागे सरकली की पडदा फाटणार.

त्या दिवशी झाडांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा इन्फ्रारेड कॅमेरा तयार झाला होता. आत काच बसली की फोकस किंचित सरकतो, त्यामुळे चाचणीचे फोटो काढावेच लागत. तेवढ्यात धाकटी बहीण डोकावली. हातात भाजीची पिशवी, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"हे काय नवीन?"

"डोळे आलेत रे दादा. जवळ येऊ नकोस, तुलाही येतील."

तो लगेच दोन पावलं मागे सरला. ती हसली.

"मग बस तिकडेच, झाडापुढे. फोटो काढतो," तो म्हणाला.

दुपारी त्याने फिल्म धुतली, फोटो छापला आणि तारेवर वाळत घातला. झाडाची पानं कापसासारखी पांढरी, आभाळ काळंभोर, बहिणीची कातडी मेणासारखी गुळगुळीत. फोकस अचूक होता. मग त्याची नजर चष्म्यावर गेली आणि तिथेच थिजली.

चष्मा काळा राहिलाच नव्हता. त्या भिंगांचा रंग इन्फ्रारेडला अडवतच नव्हता. ती खिडकीच्या तावदानासारखी आरपार दिसत होती. मागे डावा डोळा सुजून पार मिटलेला. भुवईवर चिकटपट्टी. डोळे आले म्हणून कुणाची भुवई फुटत नाही.

मागे एकदा ती दारावर आपटली होती. एकदा जिन्यात घसरली होती. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली होती. तिला विचारावं? आणि दाजींना कळलं तर? घरात ती दोघंच.

"काय मेहुणे, कामात?"

दाजी दारात उभे होते. हसरा, उमदा माणूस. कुणाचंही अडलं तर धावून जाणारा. ते थेट तारेपाशी गेले. त्याला पुढे होऊन फोटो काढून घ्यायचा होता, पण पाय जागचे हलेनात.

"हे काय, भुतासारखं?" दाजी म्हणाले. मग जवळ वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"छान आलाय. निगेटिव्ह कुठे आहे?"

"गेली. म्हणजे... खराब झाली. फेकली." ती त्याच्या मुठीतच होती. मूठ पाठीमागे होती.

दाजींनी ओला फोटो घडी करून खिशात घातला, त्याचा खांदा थोपटला आणि हसतच बाहेर पडले. गाडी घराच्या दिशेने वळली.

त्याने फोन लावला. बोट दोनदा चुकलं.

"ऐक. आहेस तशी बाहेर पड. खाली वाण्याच्या दुकानात जाऊन उभी राहा, लोकांत. मी आलोच."

पलीकडून बारीक आवाज आला, "दादा, हे काही बोलले का?"

"आत्ता विचारू नकोस. निघ."

"चष्मा घालू?"

"राहू दे."

तो धावत सुटला. ऊर फुटेस्तोवर धावला. दुकानाशी पोचला तेव्हा ती गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभी होती, चेहरा उघडा. वाण्याची बायको तिचा दंड धरून होती. समोर दाजी म्हणत होते, "चल घरी, तमाशा नको." तेवढ्या माणसांत त्यांना हात उचलता येत नव्हता.

तो भागूबाई दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. दाजी त्याच्या इतके जवळ आले की श्वास गालाला लागला. "बघून घेईन," एवढंच हळू म्हणाले आणि गेले.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी डोळा तपासून लिहून दिलं, चौकीत तक्रार झाली. बहीण परत गेली नाही. दाजींनी निरोप धाडले, आधी गोड, मग कडू. पुढे निरोपही थांबले.

भीती मात्र थांबली नाही. फिल्टर बसवताना बाहेर पाऊल वाजलं, की तो चिमटा खाली ठेवतो. परवा बहीणच चिडली, "कडी किती वेळा बघशील, दादा? ये, जेव."

तो जेवायला बसला. पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडे करून.