वेल्डिंग केलेला आरसा

अमरावतीच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो, तिथल्या अध्यक्षांनी आमचा आरसा वेल्डिंग करून टाकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

तो खरा आरसा नव्हता, नमुना होता. दुर्बिणीचा आरसा जितका मोठा, तितकं दूरचं आणि अंधुक दिसतं. पण फार मोठा आरसा रॉकेटच्या टोकात मावत नाही. म्हणून तो तुकड्यांनी अवकाशात न्यायचा आणि तिथेच यंत्राच्या हाताने जोडायचा. तिथे पाना घेऊन माणूस उभा नसतो. तुकडा आपणहून, दर वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसाच्या जाडीइतकी चूकही चालत नाही. आम्ही हे जमिनीवर करून पाहत होतो. मधे एक आणि भोवती सहा असे षटकोनी तुकडे, प्रत्येकाच्या पाठीला पोलादाच्या तीन गोळ्या, आणि त्यांच्यासाठी खालच्या सांगाड्यात तीन खोबणी. गोळ्या खोबणीत उतरून खटका लागला की तुकड्याला इकडेतिकडे सरकायला वावच उरत नाही. सांगाडा अकोल्याच्या एका वर्कशॉपमध्ये करवून घेतला होता. ते लोक एरवी कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करतात. खोबणींची रचना मात्र माझ्या विभागातल्या तरुण मॅडमची. त्या वलगावच्या, रोज एसटीने येत.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले दोन शास्त्रज्ञ नमुना पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर जोडणी नीट झाली तर मॅडमना ते आपल्याकडे घेणार होते. आमच्याकडे खोबण कानशीने घासावी लागे. तिथे त्यांना खऱ्या दुर्बिणीवर काम करता आलं असतं.

त्या काळात वऱ्हाडातला पेपर उघडला की पहिल्या पानावर जीव दिलेल्या कुणा शेतकऱ्याच्या घरासमोरची गर्दी असायची. स्टाफरूममध्ये एक प्राध्यापक माझ्याकडे पाहून म्हणायचे, "इथं लोकं मरून राहिले, अन् आमचे सर आभाळात आरसा लावून राहिले." सगळे हसायचे. हसणाऱ्यांपैकी एकही जण त्या घरांकडे कधी फिरकला नव्हता. मीही नाही. माझे वडील अकोल्यात मास्तर, आमच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. त्याचीच मला लाज वाटायची. "छंद आहे आपला," असं म्हणून मी चहाचा कप तोंडाला लावायचो.

शास्त्रज्ञ येणार त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात मंत्री येणार होते. अध्यक्षांना, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांना, मंत्र्यांची काळजी. शास्त्रज्ञ यायच्या आदल्या संध्याकाळी ते मंत्र्यांसाठी घातलेला मांडव पाहायला आले आणि त्यांनी तिथे मांडलेल्या आरशाचा एक तुकडा हलवून पाहिला. तो खटखट वाजला. वाजणारच, खटका लागेपर्यंत तो सैल असावा लागतो, नाहीतर यंत्राच्या हाताला तो बसवता येत नाही. पण पाहुण्यासमोर काही निखळून पडलं तर यजमानाची अब्रू गेली, एवढंच भाऊसाहेबांना ठाऊक. सकाळी आम्ही आलो तर सगळे तुकडे एकमेकांना आणि सांगाड्याला वेल्डिंगने चिकटवलेले, वरून चंदेरी रंग, आणि मधल्या तुकड्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

मॅडमनी एका सांध्यावरून बोट फिरवलं. रंग ओला होता.

"आता हत्ती बसवा त्याच्यावर," भाऊसाहेब खुशीत म्हणाले.

"भाऊसाहेब, तो सुटा होणं, पुन्हा जोडला जाणं, हेच तर आमचं काम होतं."

"तुमीच म्हणता ना, छंद आहे म्हणून? मंग छंद पक्का करून दिला तुमाले. मंत्र्याच्या पायावर पडला असता तर काय तोंड दाखवलं असतं मी?"

दुपारी शास्त्रज्ञ आले. त्यातल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "चला, जोडणी पाहू या."

मी भाऊसाहेबांच्या देखत सांगितलं, "जोडणी उरलेली नाही. अध्यक्षांनी वेल्डिंग करवलंय." आणि वर्कशॉपमधला ग्राइंडर आणून एक तुकडा कापायला घेतला. भाऊसाहेब मागून ओरडत होते, "सर, उद्या मंत्री येऊन राहिले, हात लावू नका." ठिणग्या नव्या सतरंजीवर पडत होत्या. शिपायाने पाण्याची बादली आणली. मी थांबलो नाही. तेवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तुकडा सुटला. मॅडमनी तो यंत्राच्या हातात दिला. हात खाली आला, तुकडा खोबणीत उतरला आणि डुगडुगला. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा वाकला होता. मॅडमनी ते न अडखळता समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "बसलेला दिसायला हवा होता हो. मलाही वर काहीतरी दाखवावं लागतं." बडनेरा स्टेशनावरून त्यांची गाडी होती. पुण्याचं बोलावणं आलंच नाही.

ते दोघे गेल्यावर मी भाऊसाहेबांना तोंडाला येईल ते बोलत होतो. मॅडमनी मला मधेच तोडलं. एरवी त्या माझ्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोलत. त्या दिवशी तसं बोलल्या नाहीत.

"सर, भाऊसाहेबाइले तुमी कधी सांगितलं का, तुकडा सैल काहून असते ते? कोणी वावराचं, शेतीचं नाव काढलं की तुमी मान खाली घालता. वावर माह्या बापाचं आहे, तुमचं नाही. यंदा कापसाची पऱ्हाटी लाल्या रोगानं गेली आमची. तरी तो गावभर सांगत फिरते, माही पोरगी दुर्बीण बनवून राहिली म्हणून. त्याले लाज नाही वाटत. मंग तुमची लाज माह्या कामावर काहून टाकता?"

राग होता तेवढाच राहिला, फक्त तो आता भाऊसाहेबांवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी कापलेल्या तुकड्याची रिकामी जागा झेंडूच्या हारांनी झाकली होती. मंत्र्यांचं भाषण चाललं असताना मॅडम मांडवाच्या कडेने तो तुकडा ओढत वर्कशॉपकडे निघालेल्या दिसल्या. एकटीला उचलण्यासारखा तो नव्हता. मी दुसऱ्या रांगेतून उठलो. भाऊसाहेबांनी स्टेजवरूनच हाताने बसा म्हणून खुणावलं. शेजारच्या खुर्चीत ते स्टाफरूममधले प्राध्यापक होते.

"कुठं चालले सर?"

"कामाले," मी म्हणालो, भाषण चालू असताना सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि जाऊन तुकड्याची दुसरी बाजू धरली.