सुमनताईंनी ओळखलेली भातं

सुमनताई जाधव भाताचं पान कधी वरून बघत नसत. वाकून, पान खोडापासून अलगद दूर करून, ते सांध्याशी बघत. मग रोपाचं नाव सांगत.

रत्नागिरीजवळ विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. तिथे मी कंत्राटी संशोधन सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्या चौदा वर्षं रोजंदारीवर होत्या. माझ्याकडे शेतीशास्त्राची पदवी, त्यांची सातवी झालेली. मी सांगलीची, भात मला पुस्तकातून ठाऊक. पहिले चार दिवस त्या मला मॅडम म्हणाल्या, मग बाय म्हणू लागल्या.

त्या वर्षी आम्ही मंडणगडकडच्या घराघरांतून जुन्या भातांचं बी जमवलं होतं. बावीस वाण. काही घरांत तर शेवटची मूठच उरली होती. वाफ्यांवर पाट्या मी लावल्या, पण कुठल्या वाफ्यात काय, हे वहीत उतरवायचं राहून गेलं. ऑगस्टमध्ये पावसाने फुगलेला शेजारचा व्हाळ शेतात घुसला आणि पाट्या घेऊन गेला. आमचे सर रागावले नाहीत. आता आपल्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार, एवढंच म्हणाले. मी बांधावर बसून रडले.

सुमनताई पदर खोचून चिखलात उतरल्या. "वही घे, बाय. मी सांगतंय, तू लिव."

दुपारपर्यंत वीस वाफ्यांची नावं झाली. कुणाचा सांधा जांभळा, कुणाच्या पानाला लव. मी बघायचे ते नुसतं हिरवं. शेवटच्या दोन वाफ्यांत मात्र त्या अडल्या. मी म्हटलं, दोनच नावं उरलीत, अंदाजाने लिहू.

"अंदाज नको. ठाव नाय म्हणून लिव. लोकांच्या घरातला बी हाय तो."

लोंब्या आल्यावर सरांनी शेतकऱ्यांना बोलावलं. ज्याने त्याने आपलं भात ओळखलं. वीसच्या वीस नावं बरोबर निघाली.

पुढे केंद्रात मदतनिसाची कायम जागा निघाली. अट दहावीची, म्हणून सुमनताईंची ती हुकली. त्यांनी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून गणित शिकू लागल्या. गणित एकदा राहिलं, दुसऱ्यांदा सुटलं. पुढच्या जाहिरातीला त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. रोजंदारीवाल्यांना वयाची सवलत होती. मुलाखत झाली आणि त्यांची निवड झाली.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा लावणी चालू होती. त्यांनी ते बांधावर उभं राहून, स्वतःच्या पूर्ण नावासकट, सावकाश मोठ्याने वाचलं. बायका आवा, लावायची रोपं, हातात धरून ऐकत राहिल्या.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि लावणीच्या बायकांतल्या, आपल्याच वयाच्या सविताला विचारलं, "तू कितवीला शाळा सोडलंस गो?"